चिपट्यातलं मत

शाळू काढायला आला की आमच्याकडं वाऱ्याला एक वास येतोय. वाळल्या पानाचा, तापल्या मातीचा, आन कुठं मागनं पेरल्याल्या रानात कुनी हुरडा भाजत आसंल तर त्या आगटीचा. ह्या वासावर मी डोळं झाकून सांगतो, शिमगा किती लांब हाय ते. डोळं उघडं ठेवून मात्र मला आजवर कायबी नीट सांगता आलं न्हाई.

परवा असाच बांधावर बसलोतो. अंगात कुसळं शिरल्याली, पाठ खाजवायला बाभळीचं खोड बघत हुतो, तवर खिशातला फोन वाजला. एक बाई बोलाय लागली. आवाज असा गोड, की मी टोपी नीट केली. महिलांना समान अधिकार मिळावेत असं आपल्याला वाटतं का, पूर्ण सहमत असल्यास एक दाबा, काही प्रमाणात सहमत असल्यास दोन दाबा. मी म्हनलं, ताई, कुठनं बोलताय, जेवन झालं का? ती तिचंच बोलत ऱ्हायली. मंग ध्यानात आलं की ही बाई न्हवं, ही टेप हाय. आता दाबायचं म्हनून अंगठा टेकवला, तर माझा अंगठा हाय खुरप्याच्या मुठीएवढा. एक आन चार दोन्ही दाबलं गेलं. ती म्हनली, धन्यवाद. माझं मत कुठंतरी पोचलं. कुठलं पोचलं ते तिलाच ठावं.

हसलो मी एकटाच. आन हसता हसता थांबलो. कारन ह्या बाईचं काम मी एकदा स्वतः केल्यालं हाय. नव्वद साल उलटून चार-पाच वर्सं झाली आसतील. अशीच सुगी हुती. आन माझ्यापरास ह्या टेपनं ते काम बरं केलं, असं म्हनायला पायजे. टेपला भैन नसती.

माझा धंदा मापाऱ्याचा. कवठे महांकाळच्या अलीकडं आमचं गाव, सगळं कोरडवाहू, पिकतंय ते शाळूच. खळ्यावर मळनी झाली, दान्याची रास पडली, की ती मापायला मला बोलवायची. शाळेत मी दोनदाच गेलोय. एकदा नाव घालायला आन एकदा नाव काढायला. पन माप माझ्या हातात बसल्यालं. पयल्या मापाला एक म्हनायचं न्हाई, लाभ म्हनायचं. मंग दोन, तीन. वीसच्या फुडं माझं गनित संपायचं, म्हनून विसाला एक खडा टाकायचा. पायली हलवून हलवून भरली तर दोन मुठी जास्ती बसत्यात. शिगेवरनं नुसता तळवा फिरवला तर मूठभर खाली येतंय. दानं तेच, पायली तीच, फरक हाताचा. म्हनून खळ्यावर धनी माझ्या हाताकडं बघायचा, आन मी धन्याच्या तोंडाकडं.

त्या सुगीत पुन्याहून शुभदाताई आल्या. तिशीच्या आतबाहेर, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत छापल्याल्या कागदांचा गठ्ठा. बायांच्या हक्काबद्दल बायांस्नी काय वाटतंय, ते इचारायचं काम त्यांच्याकडं हुतं. तेच सवाल म्हनं लय देशांत इचारायचं चाल्लंतं. थंडीच्या देशात, वाळवंटाच्या देशात, आन आमच्या गावात. मला तवा लय नवल वाटलं. आमच्या गावाला तालुक्याचा मानूस कवा काय इचारत नसतोय, आन हितं जगाचा सवाल दारात आल्याला.

पन दोन दिस झालं तरी शुभदाताईंचा कागद काय भरंना. त्या इचारायच्या, मुलींना मुलांइतकंच शिक्षण द्यावं, ह्या मताशी आपण पूर्ण सहमत, काही प्रमाणात सहमत, तटस्थ, काही प्रमाणात असहमत, की पूर्ण असहमत आहात? आन बाया इचारायच्या, ताई, चा घेनार का सरबत? कोंडाकाकू म्हनून एक म्हातारी हुती. तिनं सगळा सवाल मान हलवत ऐकला, आन म्हनली, "तुमी यवढ्या लांबनं आलाय, तुमी म्हनाल तसंच धरा." दुसरीकडं सासू पुढं हुऊन सुनंचं उत्तर द्यायची. तिसरीकडं नवरा सोप्यातनं वरडून सांगायचा, तिला काय कळतंय, मला इचारा.

तिसऱ्या दिशी शुभदाताई खळ्याकडच्या बाभळीखाली बसल्या, कागद मांडीवर, तोंड उतरल्यालं. मी माप घासत हुतो. म्हनलं, काय हुतंय? त्यांनी सांगितलं, मत कळतं हो, पण किती, ते कळत नाही. थोडं आहे का पूर्ण आहे, तेच मला हवंय.

किती? अवो, किती हा तर माझाच धंदा.

मी खळ्यावर मापं वळीनं पालथी मांडली. पायली, तिच्या निम्मी अधुली, तिच्या निम्मा शेर, आन शेवटाला सगळ्यात ल्हान चिपटं. शेजारी दान्याची पाटी. म्हनलं, सवाल पुरा पटला तर पायली भरून ठेवायची. बऱ्यापैकी पटला तर अधुली. ना हिकडं ना तिकडं तर शेर. पटत न्हाई पन उलीसं खरं वाटतंय, तर चिपटं भरायचं. आन आजाबात पटलं न्हाई, तर चिपटं रिकामं टेकवायचं. झाल्या पाच पायऱ्या.

शुभदाताई माझ्याकडं बघत ऱ्हायल्या. म्हनल्या, "म्हादबा, तुम्ही पुण्यात असता तर आम्ही सगळे बिनकामाचे झालो असतो." त्या दिवसापास्नं चार दिस मी गावातनं असा चालायचो, की माझी बायको पारू म्हनली, मान मोडली का काय तुमची.

मंग दुपारच्याला बाया खळ्यावर यायच्या. पुरुषांनी तिकडं फिरकायचं न्हाई, असं ठरल्यालं. मी मात्र हुतोच. कारन मापं माझी, आन मला गावात कुनी पुरुषात मोजायचंच न्हाई. शुभदाताई खाली मान घालून लिवायच्या, मी सवाल गावच्या बोलीत सांगायचो, बाई माप भरायची, मी मोठ्यांदा बोलायचो, अधुली, आन ताई कागदावर खून करायच्या. सरासरा कागद भरला. दानं वतल्याचा आवाज, बांगड्यांचा आवाज, वरनं भोरड्यांचा थवा जायाचा, आन मदीच बाया हसायच्या. मला आजबी वाटतंय, त्या बायांस्नी त्यांच्या उभ्या जन्मात पयल्यांदा कुनी इचारलं आसंल, की तुला किती वाटतंय. त्या दान्यात हात घालून उगंच घटकाभर थांबायच्या.

माझ्या पारूचा नंबर आला. ती अथनीकडची, घरात रागावली की कानडीत बोलती, म्हंजे मला आर्धं जग कानडीत कळल्यालं हाय. तव्यावर भाकरी टाकून आल्ती. तिनं पयल्या सवालाला पायली भरली, माझ्यापुढं आपटली, आन म्हनली, हीच धरा सगळ्यास्नी. मी म्हनलं, आगं, फुडं उलटं सवाल हायती. बायकूनं घराबाहेर काम करावं का, आसाबी हाय, आन करू ने का, आसाबी हाय. ती म्हनली, "भाकरी करपली तर ते कुठल्या मापात घालनार तुमी?" आन गेली. तवा शुभदाताईंच्या कागदावर माझी बायको जगातल्या सगळ्या मतांशी पुरी सहमत हाय. माझ्याशी सोडून.

एक सवाल असा हुता. नवऱ्याला न इचारता बायको बाहेर गेली, तर त्यानं हात उचललेला चालंल का? एकीनं दुसरीकडं बघितलं. मंग एकेकीनं चिपटं घेतलं, भरलं, ठेवलं. दुसऱ्या दिशी तेच. पारू सोडली तर सगळ्यांची चिपटीच. शुभदाताईंचा पेन त्या सवालाला जरा जड चालायचा, ते मला दिसत हुतं. मला वाटलं, चिपटंच हाय की, पायली तर न्हाई.

आता आक्काचं सांगतो. हौसाक्का, माझी थोरली भैन. कडेगावाकडं दिल्याली, उसाच्या घरात. दाजी मानूस बरा, पन चार भावांचं एकत्र खटलं, आन हिरव्यागार उसात आक्काच्या नावावर एक कांडं न्हवतं. आय लवकर गेली, मला आक्कानंच वाढवलं. मी चालाय लागलो ते तिच्या पदराला धरून, आन पारू म्हनती, आजूनबी तुमी तसंच चालताय. दर सुगीला आक्का माहेराला यायची, चार दिस ऱ्हायची, खळ्यावरचा तिचा वाटा म्हनून शाळूचं एक पोतं न्यायची.

त्या साली म्हातारा जाऊन वरीस झाल्तं. रान माझ्या नावावर करायचं हुतं. तलाठी म्हनला, भैनीची हक्कसोड आना. लेकीला बापाच्या जमिनीत लेकाएवढाच वाटा हाय, आता कायदाच तसा झालाय, तवा तिनं राजीखुशीनं सोडला असं लिवून दिल्याशिवाय मला काय करता येत न्हाई. गावात सगळ्यांच्या भैनी सही करत हुत्या. साडीचोळी घ्यायच्या, अंगठा द्यायच्या, आन भावाच्या घराला शेवटपातूर माहेर म्हनायच्या. जी सही करनार न्हाई तिचं माहेर तुटलं, असं कुनी बोलायचं न्हाई, पन हुयाचं तसंच. मी आक्काला इचारलंबी न्हवतं. नुसतं म्हनलं हुतं, आक्का, बेस्तरवारी तालुक्याला जायाचंय. ती म्हनली, बरं.

आन मंगळवारी ती खळ्यावर आली. बाया म्हनल्या, हौसाक्काला इचारा, ती बी आपलीच. शुभदाताईंनी कागद काढला. मी एकेक सवाल सांगत गेलो, ती एकेक माप ठेवत गेली. तिचा हात लय बेतशीर. शीग आशी बसवायची, की मापाऱ्यानं मान खाली घालावी. शेवटाला सवाल आला, भावासाठी बहिणीनं आपला जमिनीतला वाटा सोडावा का?

हा सवाल मी सांगितला तवा माझा आवाज कसा निघाला, मला ठावं न्हाई. बाकीच्या बायांनी पायल्या भरल्या हुत्या. आक्कानं पाटीत हात घातला. दानं मुठीत घेतलं. मंग मूठ उघडली आन सगळं परत पाटीत सोडलं. चिपटं उचललं आन माझ्यापुढं टेकवलं. रिकामं.

आमच्यात रिकामं माप खळ्यावर टेकवत न्हाईत. मापून झालं तरी तळाला चार दानं ठेवायचं. रिकामं टेकवलं की रास आटती, घराची बरकत जाती, अशी समजूत. गावातलं शेंबडं पोरबी ते जानतंय. आक्का तर माझ्या बाच्या खळ्यावर वाढल्याली.

मी तिच्या तोंडाकडं बघितलं न्हाई. पटदिशी पाटीतनं मूठ भरली, त्या चिपट्यात टाकली, वरनं तळवा फिरवला, आन तिच्या कानापाशी म्हनलं, "आक्का, रिकामं ठेवू ने, येडी का काय." आन शुभदाताईंस्नी मोठ्यांदा म्हनलं, चिपटं. त्यांची मान खालीच हुती. त्यांनी खून केली.

हात झटकलं, पदर खोचला, आन पारूला भाकरीला हातभार लावायला गेली. बेस्तरवारी आमी तालुक्याला गेलो. मी तिला कचेरीत आत पाठवून भाईर गाड्यावर भजी खात उभा ऱ्हायलो. ती अंगठ्याची शाई पदराच्या आतल्या बाजूला पुसत आली. मी तिला भजी दिली. तिनं खाल्लीबी.

मी स्वतःला सांगितलं, दानं टाकलं ते रितीसाठी. आन ही थाप मी यवढ्या सफाईनं मारली, की माझ्यासारख्या हुशार मानसालाबी ती खरी वाटली.

त्यानंतर शुभदाताई मला आठ दिस सातारकडं घेऊन गेल्या, आता हे मापाचं गनित तिथंबी लावू म्हनून. तिथल्या गावांत घरटी एक पुरुष फौजेत. एका घरात गेलो. बाई पस्तिशीची, डोईला पदर, हातात विळा. नवरा बर्फात कुठंतरी, वर्सातनं एकदा येनार. तिनं आमच्या देखत ऊसतोडीच्या टोळीच्या मुकादमाला झाडलं, शेजाऱ्याची बांधावरनं वळवल्याली पाइपलाइन सरळ करून घेतली, आन पोरीचं नाव कऱ्हाडच्या शाळंत घालायचं, हेबी दिराला ठनकावून सांगितलं. मंग बसली. ताईंनी इचारलं, घरातले निर्णय कोण घेतं? ती म्हनली, "मालक." मी म्हनलं, वैनी, मालक तर काश्मिरात हायत. ती म्हनली, "म्हनून काय झालं? हायत न्हवं."

ताईंनी लिवलं, पती. रस्त्याला लागल्यावर मी म्हनलं, ताई, हे तर खोटं झालं. त्या म्हनल्या, खोटं नाही म्हादबा, त्यांनी सांगितलं ते मी लिहिलं. त्यांनी असं का सांगितलं, ह्याला कागदावर चौकट नाही. दोघं ऊन तुडवत चाललो. लांब कारखान्याच्या धुरांड्याचा धूर सरळ वर जाताना दिसत हुता. मला त्या बाईचं म्हननं कळत हुतं, पन सांगता येत न्हवतं. आता जरा येतंय. ती मालक म्हनली, तवा घर कोन चालवतंय ते ती सांगत न्हवती. माझं घर भरल्यालं हाय, मी एकटी न्हाई, यवढंच ती परक्या मानसाला सांगत हुती. सवाल अधिकाराचा हुता, तिनं उत्तर अब्रूचं दिलं.

विट्याकडंबी तसंच. तिथलं पुरुष सोनं आटवायला देशभर पांगल्यालं, दुकानं लांब लांबच्या शहरांत, आन घरं बाया चालवत्यात. तिथं एकीला घराबाहेर काम करता का इचारलं, तर न्हाई म्हनली. म्हशी भाईरच हुत्या, पन म्हशीला कोन काम म्हनतंय?

फुडल्या सुगीला शुभदाताई परत आल्या. ह्या बारीला पिशवीत एकच जाड पुस्तक. खळ्यावर आल्या, माझ्या शेजारी कडब्यावर बसल्या. म्हनल्या, म्हादबा, तुमच्या गावानं आम्हाला कोड्यात टाकलंय. सगळ्या देशांचं सगळं एका ठिकाणी मांडलं. थंडीच्या देशांत बाया सरळ म्हणाल्या, अजिबात नाही, नवऱ्यानं हात उचलायचाच नाही. वाळवंटाच्या देशांतही म्हणणाऱ्या निघाल्या. एक तुमचं गाव असं, की तिथं एकाही बाईनं, एकाही प्रश्नाला, अजिबात नाही म्हटलेलं नाही. मोठ्या लोकांनी त्याचा अर्थ काढलाय, की ह्या भागातल्या बायकांना मार थोडासा मान्यच आहे. रूढीचा पगडा, असं लिहिलंय.

मी दानं चिवडत बसलो. चिवडता चिवडता माझा हात थांबला.

म्हनलं, ताई, त्या बायांनी मार मान्य केल्याला न्हाई. त्यांनी रिकामं माप टेकवलं न्हाई.

मंग सगळं सांगितलं, रिकाम्या मापाची रीत. शुभदाताई आधी हसल्या. मंग कपाळाला हात लावून बसल्या. म्हनल्या, तुम्ही मापारी, तुम्हाला तेव्हा नाही सुचलं? मी म्हनलं, ताई, श्वास घेताना नाक ध्यानात ऱ्हातंय का? खरं तर मला सुचायला पायजे हुतं. बायांस्नी आजाबात न्हाई म्हनायला आख्ख्या जगात एकच जागा ठेवली, आन ती नेमकी अशी ठेवली, की तिथं हात गेला तर घराची बरकत जाईल. असली हुशारी करायला शिकल्याला मानूस चालत न्हाई. तिथं माझ्यासारखाच लागतोय.

त्या सांजंला मी थंडीच्या देशातल्या बायांचाबी लय इचार केला. त्या तडकाफडकी आजाबात न्हाई म्हनल्या, ते सगळ्यांचंच मनापास्नं आसंल का? का त्यांच्यात उलटी रीत आसंल, रिकामंच टेकवायचं, भरलं तर लोक नावं ठेवत्यात? आसंल, नसंल. तिथल्या खळ्यावर मी गेल्यालो न्हाई. पन यवढं कळलं, की परत्येक गावाचं एक माप आसतंय जे टेकवत न्हाईत. ते कुठलं, हे आधी हुडकावं लागतंय. मंग दानं मोजावं.

शुभदाताई पुस्तक मिटत म्हनल्या, "एकीनं, नुसतं एकीनं जरी रिकामं ठेवलं असतं ना म्हादबा, तर माझ्या तेव्हाच लक्षात आलं असतं. बाकीच्या का ठेवत नाहीत, हे मी विचारलं असतं."

मी कडब्याची एक काडी मोडली. मंग आनीक एक मोडली.

म्हनलं, एकीनं ठेवलं हुतं.

कुणी?

माझ्या भैनीनं. जमिनीच्या सवालाला.

पण माझ्या कागदावर तर...

मी भरलं, ताई. तुमची मान खाली हुती.

खळ्यावर चिमण्या उतरल्या हुत्या, त्यांस्नी कुनी हाकललं न्हाई. मंग त्या म्हनल्या, "मापाची चूक मी लिहून कळवीन. ती माझीसुद्धा आहे. ही दुसरी मी कुठं लिहू?"

ती काय कागदावर लिवायची न्हवती. दुसऱ्या दिशी मी कडेगावची यष्टी धरली. मांडीवर साडीची पिशवी, चांगल्यातली. खिडकीतनं बघत हुतो, आमचं करडं रान मागं पडलं, हळूहळू हिरवं लागलं, मंग नुसता ऊसच. तोंडातल्या तोंडात बोलायची तयारी करत हुतो. आक्का, तुझा वाटा तू परत घे, मला नगं. आन ती काय म्हनंल तेबी ठरवून ठेवल्यालं. ती म्हनंल, आसू दे रं, तुझं काय आन माझं काय. तिच्या डोळ्यात पानी येईल, माझ्याबी येईल, साडी देईन, जेवून परत येईन, आन रान जागच्या जागी ऱ्हाईल. मी खरंच द्यायला चाल्लोतो का, का तिच्याकडनं न्हाई म्हनवून घ्यायला, ते माझं मला ठावं. आता तुमालाबी ठावं.

आक्का गोठ्यात हुती. शेनाच्या हातानंच भाईर आली. मी तिथंच उभ्या उभ्या बोलून टाकलं. म्हनलं, आक्का, त्या दिशी तू रिकामं ठेवलंस, ते मी भरलं. चुकलं. तुझा वाटा तुला पायजे का?

तिनं हात धुतलं. पदराला पुसलं. माझ्याकडं बघितलं, लहानपनी मी पडून आलो की बघायची तसं, कुठं लागलंय ते हुडकत.

"व्हय," ती म्हनली. "ओढ्याकडचं दे. कवा यायचं तालुक्याला?"

माझ्या हातात साडीची पिशवी तशीच. तिनं आसू दे म्हनलं न्हाई. डोळ्यात पानीबी न्हाई. मला आठवलं ते तिची माया न्हवं, ओढ्याकडचं रान. सगळ्यात काळं रान ते. मी म्हनलं, आक्का, तू हितं कडेगावात, ते रान तिथं, कसनार कोन? ती म्हनली, "कसंल कुनीतरी. न्हाई पिकलं तर न्हाई पिकलं. मला कुठंतरी उभं ऱ्हायला जागा पायजे, जिथं कुनी म्हननार न्हाई की सरक." आन मला घरात बोलावून पान्याचा तांब्या दिला. साडी घेतली. रंग बघितला आन म्हनली, पारूनं निवडल्याली दिसती, तुला यवढी अक्कल न्हाई.

पंधरा दिसांनी आमी दोघं तालुक्याला रजिस्टर कचेरीत गेलो. ह्या बारीला देनारा मी हुतो, म्हनून मला आत जावं लागलं. ल्हानशी खोली, वर पंखा, टेबलाम्होरं दोन साक्षीदार, गावचंच. दारात आनीक चार मानसं ताटकळत. मी, आन माझ्या शेजारी आक्का. साह्येबानं कागद चाळलं, चष्म्यावरनं माझ्याकडं बघितलं, आन इचारलं, "राजीखुशीनं देताय? कुनाचा दबाव न्हाई न्हवं?"

सगळी माझ्या तोंडाकडं बघत हुती. साक्षीदार, दारातली मानसं, पंख्याखाली हलनारं कागद. आक्का तेवढी बघत न्हवती. ती सरळ म्होरं बघत उभी हुती. माझ्या मनात ओढ्याकडचं रान हुतं, आन आक्काच्या पदराला पुसल्याली शाई हुती, आन गावात लोक काय म्हनतील तेबी हुतं, आन शुभदाताई हुत्या, आन पारू, जी सकाळी नुसतं यवढंच म्हनल्याली की माघारी येताना दाखवायजोगं तोंड घेऊन या. ह्या सगळ्यात माझी खुशी कुठली आन किती, ते मी मापारी आसून मला मापता येईना. आन ह्याच खोलीत, ह्याच पंख्याखाली, आदल्या साली आक्काला कुनीतरी हेच इचारलं आसनार. मी भाईर भजी खात हुतो. एक शबूद मिळतोय बोलायला. तेवढाच लिवला जातोय.

"व्हय," मी म्हनलो.

साह्येबानं लिवून घेतलं.